हात बघून हजेरी

ज्योतिषाला स्टोअरकीपर फार जवळून ओळखत होता असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. तो मूळचा कुठला, शिकला किती, त्याची बायको कधी आणि कशाने गेली, यातलं काहीही स्टोअरकीपरने कधी विचारलं नाही आणि त्यानेही आपणहून सांगितलं नाही. दोघांची ओळख एका खिडकीपुरती. खिडकी स्टोअरची. आत स्टोअरकीपर, बाहेर ज्योतिषी आणि मधल्या फळीवर चहाचे दोन कप. त्यातही निम्मा वेळ दोघं गप्पच असायचे. स्टोअरकीपर जन्माचा अबोल, आणि ज्योतिषी लोकांना तेच तेच विचारून कंटाळलेला. तेव्हा पुढचं सगळं एवढ्याशा ओळखीच्या जोरावर आहे. एखादी गोष्ट राहून गेली असेल, एखादी चुकीचीही समजली असेल.

ज्योतिषी हे त्याचं नाव नव्हतं आणि धंदाही नव्हता. तो मालकाच्या ऑफिसातला हजेरी तपासणारा माणूस. मोठ्या इमारतीच्या कामावर मजूर ठेकेदाराचे असतात. ठेकेदाराचा मुकादम रोज सकाळी सांगतो की आज अमुक इतकी माणसं कामावर आहेत, आणि मालकाने ते खरं धरून चालायचं असतं. आता मुकादम झाला तरी माणूसच. माणसं कमी पडली की तो कुणाचा तरी मेहुणा, कोपऱ्यावरचा एखादा रिकामटेकडा, असं मिळेल ते धरून आणतो, त्याच्या डोक्यावर हेल्मेट ठेवतो आणि रांगेत उभं करतो. हेल्मेटखाली राजा आणि रंक सारखेच. ही खोगीरभरती वेगळी काढणं, हे ज्योतिषाचं काम.

ऑफिसची कामं शहरात ठिकठिकाणी चालू होती आणि तो त्या सगळ्यांवर फिरायचा. कधी कुठे उगवेल याचा नेम नसे. जुनी मोटरसायकल गेटबाहेर लावायचा, स्टोअरच्या खिडकीतून पाहुण्यांसाठीचं पिवळं हेल्मेट मागून घ्यायचा आणि मुकादमाला म्हणायचा, "बोलवा मंडळींना." मुकादम गेटजवळ टांगलेल्या लोखंडी तुकड्यावर हातोडी मारायचा, की मजल्यामजल्यावरून माणसं खाली उतरून स्टोअरसमोरच्या मोकळ्या जागेत रांग लावायची.

मग ज्योतिषी एकेकाच्या समोर उभा राहायचा. आधी विचारायचा, "काय काम?" आणि उत्तर मिळालं की, "हात दाखव."

एवढंच. आधी जबानी, मग साक्षीदार.

त्याचं म्हणणं असं की नाव काय, कुणीही कुणाचंही सांगेल. चेहरा उन्हाने कुणाचाही रापतो. हात मात्र ज्याचा त्याचा असतो. गवंड्याच्या डाव्या हाताची बोटं विटा धरून धरून टोकाला गुळगुळीत झालेली असतात आणि उजव्या तळव्यात थापीच्या मुठीचा घट्टा असतो. सळया बांधणाऱ्याच्या हातावरच्या रेषांत गंज बसतो, तो साबणाला दाद देत नाही. सुताराचं एखादं तरी नख काळंनिळं असतंच. "आणि घमेली वाहणारीचा हात फसवतो," तो एकदा स्टोअरकीपरला म्हणाला होता, "तिची मान बघावी."

हात बघतो म्हणून ज्योतिषी. हे नाव त्याला घमेली वाहणाऱ्या मावशीने ठेवलं होतं. मावशी त्या साईटवरची सगळ्यात जुनी कामगार, आणि तिची जीभ तिच्या घमेल्याहून जड. तिने एकदा नाव ठेवलं की सरकारदरबारी नोंद झाल्यासारखंच. मग रांगेत थट्टा चालायची.

"ज्योतिषीबुवा, परदेशगमनाचा योग आहे का?"

"आहे ना. तिसऱ्या मजल्यावरून चौथ्या मजल्यावर."

"आणि लग्नाचा?"

"इथे खरूज दिसतेय मला. आधी मलम लाव, मग योग बघू."

एकदा एका गड्याने छाती फुगवून "गवंडी" असं सांगितलं. ज्योतिषाने त्याचा पंजा हातात घेतला, अंगठा उलटसुलट करून बघितला आणि शांतपणे म्हणाला, "केस कापतोस ना?" तो नाक्यावरचा न्हावी निघाला. कात्रीच्या कडीचा घट्टा त्याच्या अंगठ्यावर सोनाराच्या शिक्क्यासारखा उठून दिसत होता. रांग खो खो हसली. "आता आलाच आहेस तर मुकादमाची दाढी तरी करून जा," मावशी म्हणाली. तेव्हापासून कुणी उगाच फुशारकी मारायला लागला की साईटवर म्हणायचे, हात दाखवून अवलक्षण नको.

त्याचे दोन नियम होते. एक, रांगेत एकाने दुसऱ्यासाठी बोलायचं नाही. कारण खोटा माणूस आला की "हा आमचाच आहे" म्हणून सांगणारे दहाजण पुढे येतात. आणि दुसरा, हजेरीतून नाव काढलं की काढलं. गेटवरचा रखवालदार त्याचं हेल्मेट काढून घ्यायचा आणि त्या माणसाला त्या साईटवर पुन्हा पाय ठेवता यायचा नाही. काढलेलं नाव ज्योतिषाने परत घेतलं, असं कधी घडलं नव्हतं.

मुकादमाने त्याला वळवायचे सगळे प्रयत्न करून झाले होते. एकदा त्याने फळांची करंडी घरी पाठवली. ती घेऊन गेलेल्या माणसाच्याच डोक्यावर जशीच्या तशी परत आली. मुकादम खिडकीशी येऊन स्टोअरकीपरपाशी कुरकुरला, "अहो, ह्या माणसाला धरावं तरी कुठून? ह्याला शेपूटच नाही."

हे स्टोअरकीपरने पुढे कधीतरी ज्योतिषाला सांगितलं. ज्योतिषी हसला नाही. कपातला चहा हलवत म्हणाला, "म्हणून तर सांगतो, माझ्या साईटवर माझं माणूस नको. ओळखीचे खूप येतात हो, ह्याला लावा, त्याला लावा. मी नाहीच म्हणतो. आपलं माणूस म्हणजे शेपूटच की."

असं सगळं सुरळीत चाललं होतं.

उन्हाळ्याचे दिवस होते. वरच्या मजल्याचा स्लॅब नुकताच टाकला होता आणि ताज्या स्लॅबला सतत पाणी मारावं लागतं, नाहीतर तो तडकतो. त्या कामावर मुकादमाने नवा माणूस घेतला होता. तिशीचा, सडपातळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तो रोज सकाळी खिडकीशी येऊन पाण्याचा हिरवा पाईप मागायचा आणि संध्याकाळी परत द्यायचा. स्टोअरकीपरच्या तो लक्षात राहिला याचं कारण एकच. बाकीचे पाईप आणून धाडकन टाकायचे. हा तो पुसून, नीट वेटोळं करून, तोंड वर ठेवून द्यायचा. "छापखान्यात होतो," तो एकदा आपण होऊन म्हणाला, "तिथे सगळं जागच्या जागी लागायचं. बंद पडला." यापलीकडे त्यांच्यात काही बोलणं झालं नव्हतं.

एक दिवस दुपारच्या आधी ज्योतिषी आला. लोखंडावर हातोडी वाजली, रांग लागली. गवंडी झाले, सळयावाले झाले, मावशीची मान झाली. मग ज्योतिषी त्या पाईपवाल्यासमोर आला आणि थांबला.

स्टोअरकीपर खिडकीतून बघत होता. ज्योतिषाची पाठ त्याच्याकडे होती, त्यामुळे तोंडावर काय उमटलं ते दिसलं नाही. पण तो नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा राहिला. "काय काम?" हा प्रश्न आलाच नाही. एकदम म्हणाला, "हात दाखवा."

दाखव नाही, दाखवा. मावशीने भुवया उंचावल्या.

त्या माणसाने हात पुढे केले. पांढरे, मऊ, नखं स्वच्छ. ज्योतिषाने ते धरलेसुद्धा नाहीत, नुसते बघितले. त्या माणसाच्या पँटचे पाय गुडघ्यापर्यंत ओले होते; खिडकीतून स्टोअरकीपरला ते स्पष्ट दिसत होते. ज्योतिषाची नजर मात्र मनगटाखाली उतरली नाही.

"कामाचा हात नाही हा. नाव काढा."

"अहो साहेब, असं काय करता?" मुकादम पुढे झाला. "हा खरंच कामावर आहे."

"खरंच?" ज्योतिषी म्हणाला. "आणि तो न्हावी कसा होता? खरंच होता?"

रांगेत एकदोघे हसले. मुकादमाच्या तोंडातून खरं बाहेर पडलं तरी तिथे ते खोट्यातच जमा व्हायचं.

"अहो, तो वर पाणी..." मावशीने तोंड उघडलं. ज्योतिषाने हात वर केला. "मध्ये बोलायचं नाही." मावशीने तोंड मिटलं, पण असं मिटलं की मिटण्याचाही आवाज यावा.

 हेल्मेट काढून त्या माणसाने रखवालदाराच्या हातात दिलं आणि गेटबाहेर गेला. ज्योतिषाने उरलेली रांग घाईघाईने उरकली आणि चहा न घेताच मोटरसायकलला लाथ मारली. स्टोअरकीपर कुलूप लावून बाहेर येईपर्यंत धूळच उरली होती. फळीवरच्या कपात चहावर साय धरली.

स्टोअरकीपर भित्रा. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणं त्याला कधी जमलं नाही. पण त्या दिवशी त्याचं कशात चित्त लागेना. वॉशर मागितले तर त्याने खिळे दिले. स्वतःच्या हाताने रोज ज्याला पाईप दिला, तो माणूस कामावर नव्हताच असं ठरलं होतं. मग पाईप काय भुताला दिला? रांगेत बोलायला मनाई होती. घरी बोलायला तर नव्हती. संध्याकाळी सुटल्यावर त्याने घरचा रस्ता सोडला आणि ज्योतिषाचा पत्ता शोधत निघाला. बसडेपोच्या मागे, शिंप्याच्या दुकानावर, एवढंच त्याला ठाऊक होतं.

शिंपी मशीनवरून मान न उचलता म्हणाला, "वर जा. पण जपून. आज तिथे ढगाळ आहे."

स्टोअरकीपरने दार वाजवलं. दार उघडलं ते त्याच पाईपवाल्याने.

 पहिल्यांदा स्टोअरकीपरला वाटलं, हा माणूस भांडायला इथवर आलाय. मग त्याने बघितलं की माणूस अनवाणी आहे, खांद्यावर टॉवेल आहे.

"तुम्ही इथे कसे?"

"घर आहे माझं," तो म्हणाला आणि लगेच सावरून घेतलं, "म्हणजे मामांचं."

"मामा?"

"सासरे माझे. या ना आत."

दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत टेबलावर ज्योतिषाची लेक इस्त्री करत होती. शाळेच्या गणवेशांचा ढीग एका बाजूला, घड्या दुसऱ्या बाजूला. लोकांचे कपडे आणून ती इस्त्री करून द्यायची. इस्त्री ती फिरवत नव्हती, आपटत होती. ज्योतिषी खिडकीशी खुर्चीत बसला होता. साईटवर कधी न दिसलेला चष्मा डोळ्यांवर होता आणि हातात काही नव्हतं. स्टोअरकीपरला बघून तो उठला, पुन्हा बसला.

"पाणी दे गं ह्यांना," तो म्हणाला.

"देते. हात तपासून घेऊ का त्यांचे आधी?" लेक म्हणाली.

स्टोअरकीपरला वाटलं, आल्या पावली परतावं. पण पाय जिन्याकडे वळायच्या आत त्याने बोलून टाकलं, तेही एका दमात, कारण दुसरा दम मिळेल याची त्याला खात्री नव्हती. "हे मला सांगायचं होतं की हा माणूस रोज सकाळी माझ्याकडून हिरवा पाईप नेतो. संध्याकाळी गुंडाळून आणून देतो. मी स्वतः देतो आणि मीच घेतो. स्लॅबला पाणी मारतो हा. मला हे नातं माहीत नव्हतं. माहीत असतं तर... तर काय, तरी आलोच असतो बहुतेक."

इस्त्री थांबली.

"पाणी मारतो?" ज्योतिषी म्हणाला.

"तीन आठवडे झाले असतील," जावई हळूच म्हणाला. "घरी गोदामात काम लागलं म्हणून सांगितलं होतं. तुमच्या साईटवर तुमचं माणूस नको, हे तुमचं ठरलेलं. पण दुसरीकडे काही मिळेना."

"मला माहीत होतं," लेक म्हणाली. "मीच म्हटलं, जा. घरजावई म्हणून बोलणी खाण्यापेक्षा पाणी मारलेलं बरं."

"घरजावई कोण म्हणालं तुला?"

"तुम्ही नाही. बाकी सगळी आळी म्हणते."

ज्योतिषाने चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाला, "मला वाटलं, मुकादमाने तुम्हाला आणून उभं केलंय. माझी परीक्षा घ्यायला. शेपूट सापडलं म्हटलं त्याला." तो जावयाकडे वळला. "पण तुम्ही बोलला का नाहीत? एक शब्द बोलायचा होता."

"काय बोलणार? तुम्हाला सगळ्यांसमोर मामा म्हणू की साहेब म्हणू, तेच ठरेना. तेवढ्यात तुम्ही नाव काढलंत."

स्टोअरकीपरला हसू आलं. त्याने ते पाण्याच्या पेल्यात बुडवलं.

"हात बघू जरा," ज्योतिषी म्हणाला. ह्या वेळी त्याने जावयाचे हात आपल्या हातांत घेतले आणि दिव्याखाली नेले. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून फुगली होती, एका ठिकाणी उलली होती. तळवे दिवसभर भिजून सुरकुतले होते. ज्योतिषाने अंगठ्याने ती उललेली जागा चाचपली.

"दुखतं?"

"सिमेंटचं पाणी लागलं की."

"पाण्याचा हात आहे हा," ज्योतिषी म्हणाला. "मऊच असणार. मी काय काम म्हणून विचारलं असतं तर आंधळ्यालाही कळलं असतं. विचारलंच नाही. तुम्हाला बघितलं आणि डोकं फिरलं माझं. कुणी म्हणू नये की जावयाला सूट दिली, म्हणून जे परक्याला दिलं असतं तेही तुम्हाला दिलं नाही."

"साऱ्या गावाचे हात बघता, बाबा," लेक म्हणाली, पण आता तिच्या आवाजातला चटका कमी झाला होता, "घरातल्या माणसाचं तोंड नाही बघितलंत."

"उद्या जातो साईटवर. नाव परत घेतो."

"नको मामा," जावई म्हणाला. "परत घेतलंत की मुकादमाच्या हातात कोलीत. उद्यापासून तुम्ही कुणाचंही नाव काढलं की तो म्हणेल, जावयाला घेतलं, मग ह्याला का नाही. ऑफिसात कळवेल. इतक्या वर्षांचं नाव जाईल तुमचं. मी बघतो दुसरीकडे."

"आणि नाही घेतलं तर हे खोटे म्हणून फिरणार," लेक म्हणाली. "रांगेतून काढलेला माणूस. कोण ठेवील? काय ते तुम्ही ठरवा. मला उद्याचे कपडे द्यायचेत." आणि तिने इस्त्री उचलली.

निघताना ज्योतिषी स्टोअरकीपरला सोडायला शिंप्याच्या दुकानापर्यंत खाली आला. म्हणाला, "तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"मी? मला जमलंच नसतं तुमचं काम," स्टोअरकीपर म्हणाला. "माझ्याकडे एखादी वस्तू चुकून बाद म्हणून फेकली गेली आणि नंतर ती चांगली निघाली, तर मी उचलून पुन्हा फळीवर ठेवतो. पण वस्तू काही कुणाचा जावई नसते."

ज्योतिषी हुं म्हणाला. हे उत्तर त्याला उपयोगाचं वाटलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी कामाला सुरुवात होते न होते तोच गेटबाहेर मोटरसायकल वाजली. लागोपाठ दोन दिवस तो कधी आला नव्हता. मुकादमाने हातातला चहा तसाच ठेवला. मोटरसायकलच्या मागच्या सीटवरून जावई उतरला.

"बोलवा मंडळींना."

रांग लागली. ज्योतिषी कुणाच्याही समोर न जाता मधोमध उभा राहिला. त्याला भाषणाची सवय नव्हती. सगळ्यांशी न बोलता रांगेतल्या पहिल्याच गवंड्याशी बोलावं तसं तो बोलला.

"काल ह्यांचं नाव काढलं ते मी चुकलो. हे वर पाणी मारतात. मी काम न विचारता हात बघितला. नाव परत घेतोय."

मुकादम दोघांकडे आळीपाळीने बघत होता. "साहेब, चूक सगळ्यांचीच होते. पण हे तुमच्या गाडीवरून कसे काय..."

"जावई आहेत माझे."

साईटवर मिक्सर तेवढा घरघरत होता. मग मुकादमाच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. आपण ज्याला पाण्याच्या कामावर घेतलं तो कोण, हे त्याला त्या क्षणी पहिल्यांदा कळत होतं. "अरे वा," तो म्हणाला. "जावयासाठी नियम वाकला म्हणायचा."

"वाकला," ज्योतिषी म्हणाला. "ऑफिसात कळवायचं तर कळवा. माझी हरकत नाही. पण पाणी मारायला वर माणूस पाठवा आधी, स्लॅब तापतोय."

तेवढ्यात मावशी रांगेतून बाहेर आली. "मग आमच्या भावाचं काय? त्याचंही नाव तुम्ही काढलं होतं मागे. त्याचंही चुकलंच असेल."

"काय काम होतं त्याचं?"

"वाळू चाळायचा."

ज्योतिषाने आठवून बघितलं. "डावा हात पाठीमागे धरून उभा होता. उजवाच दाखवत होता."

"डाव्याला लागलं होतं त्याच्या. चिंधी बांधली होती. तुम्ही बघाल आणि काढून टाकाल म्हणून लपवला बावळटाने."

"मग तेही चुकलं असेल," ज्योतिषी म्हणाला. "त्याला उद्या पाठव."

झालं. दार एकदा किलकिलं झालं की वारा घुसतोच. पुढच्या काही दिवसांत कुणाचा मेहुणा, कुणाचा पुतण्या, जुनी जुनी काढलेली नावं घेऊन लोक येऊ लागले. काही खरे होते, काही तर उघड उघड खोटे. तो न्हावीसुद्धा आला. ज्योतिषी प्रत्येकाचं ऐकून घ्यायचा. आणि त्याने पद्धत बदलली. रांग बंद केली. आता तो स्वतः मजल्यामजल्यावर चढायचा, माणूस जिथे काम करतोय तिथे जाऊन उभा राहायचा आणि काम करताना बघायचा. त्याचे गुडघे कुरकुरायचे. वरून खाली यायला त्याला तासनतास लागायचे आणि एका दिवसात एकाच साईटचं काम कसंबसं व्हायचं. मुकादमाने तेवढ्यात खालच्या मजल्यावर दोनचार खोटी हेल्मेटं सहज फिरवून घेतली असतील. स्टोअरकीपरला तसा संशय होता, ज्योतिषालाही असणार.

जावई पुन्हा पाईप न्यायला लागला. सगळी साईट त्याला आता जावईबापूच म्हणायची. "जावईबापू, इकडे पण जरा शिंपडा हो!" "जावईबापू, हट्ट करू नका, चहा घ्या!" तो लाजायचा, पण पाईप तसाच पुसून, वेटोळं करून द्यायचा. मावशीने त्याला हातांना लावायला रबरी मोजे आणून दिले. ते कुठून आणले हे स्टोअरकीपरने विचारलं नाही, कारण स्टोअरमधली एक जोडी कमी झाली होती.

मुकादमाने ऑफिसात कळवलंच. ऑफिसातले साहेब एकदा येऊन गेले. आरडाओरड काही झाली नाही. साहेब जिन्याशी उभे राहून ज्योतिषाशी हळू आवाजात बोलले आणि ज्योतिषी मान डोलावत राहिला. नंतर तो खिडकीशी येऊन सांगून गेला, तेही हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात तसं, की त्याला शहराबाहेरच्या गोदामावर पाठवताहेत. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या बघायच्या. इकडे चेहरा ओळखणारं मशीन बसणार.

"मशीनला घर नसतं, जावई नसतो," स्टोअरकीपर म्हणाला. आपण विनोद केला हे त्याला बोलून झाल्यावर कळलं.

"बरंच आहे," ज्योतिषी म्हणाला. "लेक म्हणते, गोदामावर ऊन कमी लागेल. आता घरी बोलतेय ती. परवा तर मीठ जास्त पडलंय म्हणालो, तर म्हणाली, उठा आणि स्वतः करा. म्हणजे सगळं ठीकच आहे."

यापुढे विचारावं असं स्टोअरकीपरच्या मनात बरंच होतं. नाव परत घेतल्याचं त्याला कधी वाईट वाटलं का? पहिल्या दिवशी जावयाला रांगेत बघितलं तेव्हा नेमकं काय वाटलं? पण हे प्रश्न खिडकीतून विचारण्यासारखे नव्हते आणि खिडकीशिवाय त्यांची दुसरी जागा नव्हती.

शेवटच्या दिवशी ज्योतिषी संध्याकाळी आला. वर जाऊन आला असावा, कारण धापा टाकत होता आणि बुटांवर ओल होती. पिवळं हेल्मेट काढून त्याने फळीवर ठेवलं.

"पट्टा सैल झालाय ह्याचा," तो म्हणाला. "पाहुण्यांना देण्याआधी बदला."

"बदलतो."

"आणि दुसऱ्या जिन्यावरचा दिवा लागत नाही."

"वायरमनला सांगितलंय. उद्या येतो म्हणालाय."

"उद्या म्हणजे आठवडा."

"हो, तसंच."

"चहा?" स्टोअरकीपरने विचारलं.

"नको, आत्ताच वर झाला. जावयांनी दिला." त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली. "बरं मग. येतो."

"या," स्टोअरकीपर म्हणाला.